सरांनी नाबाद दिलं होतं

रवि. १ डिसें. ७४
जालन्याकडून परभणीविरुद्ध शतक. लोकांनी खांद्यावर घेतलं. नको वाटत होतं, पण उतरलो नाही.
पुढच्या रविवारी औरंगाबादशी अंतिम सामना. पुण्याहून निवड समितीचे एक जण येणार. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शिबिरातून आठवड्यात परत पाठवलं होतं. पाय पुढे जात नाही, म्हणाले. आता एकोणतीस पूर्ण. यानंतर कोणी बोलावणार नाही.

रवि. ८ डिसें.
हरलो. मी ३४.
बाहेर जाणारा चेंडू. पाय पुढे गेला. बॅटजवळ आवाज. यष्टिरक्षक ओरडला. पंच वाघमारे सर होते. शाळेत मला बॅट धरायला यांनीच शिकवलं. सरांनी मान हलवली. नाबाद. मी तंबूकडे निघालो. मागे पाहिलं नाही.
इक्बाल, आमचा कप्तान : 'अंपायर नॉटआउट बोल्या ना भाई, तू कायकू चल दिया?'
'लागली होती.'
'पूछा किसने?'
पुण्याचे पाहुणे उठून आले, हात हातात घेतला. बराच वेळ धरला.
संध्याकाळी सर सायकलवरून निघाले तेव्हा कुंपणावरून लोक ओरडत होते. काय ते लिहीत नाही.

मंगळ. १० डिसें.
पेपरात नाव. 'प्रामाणिक खेळाडू.' सरांचं नाव नाही. 'पंचांचा पक्षपात' एवढंच. म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं.
पुण्याचं नक्की झालं. ३४ धावांवर. शतकावर झालं नसतं.
दादा घनसावंगीहून पेढे घेऊन आला. 'घराण्याचं नाव काढलं गड्या.' मग दार लोटून, हळू : 'त्या लोकायला पंच करायलाच नको व्हतं.'
म्हणालो, त्यांनीच मला शिकवलं.
'शिकवलं असंल. इमान घरातून येतं.'
यावर बोलायला हवं होतं. पेढा खाल्ला.

शुक्र. १३ डिसें.
सरांकडे गेलो. अंगणात सायकल पुसत होते. उठले नाहीत.
'तुझी बॅट पॅडच्या बकलाला घासली. चेंडू वीतभर लांब व्हता. मी बघूनच राह्यलो व्हतो.'
'हाताला जाणवलं, सर.'
'बिलकुल खात्री व्हती?'
आवाज आला हे खरं. हाताला काय जाणवलं, आज सांगता येत नाही. त्या वेळी तरी...
'तुझं चुकलं तर इमानदारी. माझं बराबर असून बेइमानी.' आवाज चढवला नाही. फडका पिळून तारेवर टाकला. 'गावच्या कमिटीचा निरोप आला. आराम करा म्हणले. मी काय थकलो म्हणलं व्हतं का?'
चहा झाला. मी चेंडू बघितला नव्हता, यष्टिरक्षकाचा चेहरा बघितला होता. हे तिथे सांगितलं नाही.

रवि. २२ डिसें.
नवीन जालन्यात सत्कार. शाल, नारळ. अध्यक्ष एक बियाणेवाले. ते क्रिकेटवर कमी आणि संकरित ज्वारीवर जास्त बोलले.
माझी पाळी आली. सरळ सांगितलं : सरांचा निर्णय बरोबर असावा. चेंडू बहुधा लागला नव्हता. मलाच खात्री नव्हती.
मग टाळ्या. आधीपेक्षा जास्त. अध्यक्ष म्हणाले, बघा, पंचाची चूकसुद्धा पोटात घातली याने.
पुन्हा माइक मागितला. आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

बुध. १ जाने. ७५
जुन्या जालन्यात, इक्बालच्या कापडदुकानात. रविवारी नांदेडशी सामना. त्यानंतर मी पुण्याला. त्याला म्हणालो, पंच म्हणून सर नसतील तर मी खेळणार नाही. कमिटीला सांग.
इक्बालने कात्री खाली ठेवली. 'पूना जानेवाला आदमी धमकी देरा!'
'धमकी समज.'
'येइच पहले दिन बोलना था.'
खरं आहे. पहिल्या दिवशी माझा हात पुण्याच्या पाहुण्यांच्या हातात होता.

शनि. ४ जाने.
कमिटी कबूल. इक्बाल म्हणतो, उद्या लोक खेळ बघायला येणार नाहीत, सरांना बघायला येतील.
निरोप घेऊन सरांकडे मीच गेलो.
'म्हंजे तुझ्या शिफारशीनं उभं राह्यचं.'
'नाही, सर.'
'मंग कशानं?'
सरांच्या घरच्यांनी आतून पांढरा कोट आणला, झटकला, खुंटीला लावला. सरांनी तिकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत.
फाटकापर्यंत आले.
'उद्या पुन्हा अपील झालं. तुला वाटलं लागली. मी म्हणलं न्हाई. थांबशील?'
सायकलचं कुलूप काढत होतो. किल्ली बसेना.
'सांग की.'
थांबलो तर गाव म्हणेल, दोघं मिळालेले. निघालो तर सर पुन्हा कधीच पंच नाहीत. आणि खरंच लागली असेल तर? हे सगळं सरांना माझ्याआधी ठाऊक होतं. उत्तराची वाट बघत ते उभे राहिले. मी किल्ली पुन्हा घालून बघितली.
'घरी जाय,' म्हणाले. 'इचार कर. मी बी करून राह्यलो.'