जास्तीची कांब

९ मार्च, सोमवार

ती. मामा,

नमस्कार. तुम्ही आणि मामी बरे असाल. खरं तर बरे आहात हे मला ठाऊक आहे, कारण परवा फोन केला तेव्हा मामी म्हणाल्या, "अगं, ते बाहेर गेलेत," आणि मागून तुमचा खोकला ऐकू आला. इतक्या वर्षांत मामींना खोटं बोलणं जमलेलं नाही. माझ्यापायी त्यांना आणखी बोलावं लागू नये म्हणून हे पत्र.

इकडे सगळं चालू आहे. आईचा गुडघा तसाच. तिने जिना चढणं सोडलं, तक्रार करणं सोडलेलं नाही. "माझ्या भावाला कळव," म्हणते, म्हणून कळवलं. मला जाड भिंगांचा चष्मा लागला. सकाळी उठते तीच दमलेली. डॉक्टर म्हणतात, रक्तबिक्त सगळं ठीक आहे.

तुमच्या जागी आलेला ओतारी माझ्याच वयाचा आहे, माणूस वाईट नाही. पण वितळलेला धातू कडछीत घेतल्यावर तुमच्यासारखा थांबत नाही. तुम्ही वरची मळी बाजूला सारून आत बघायचात आणि म्हणायचात, "थांबा बाई, याने अजून तोंड धुतलेलं नाही." घरी मी तुमची भिंगरी आणि भट्टीवर बाई. आता सगळे मॅडम म्हणतात.

असं लिहीत बसले तर पान भरेल आणि मुद्दा राहील.

मागच्या महिन्यात नव्या व्यवस्थापकांनी साच्यांच्या खोलीतली मागची फळी रिकामी करायला सांगितली. "हे भंगार कशाला सांभाळता? वितळवून टाका." कागदावर सही माझी हवी होती, म्हणून आधी बघायला गेले. तुमच्या कांबी होत्या. प्रत्येक ओतणीची एक जास्तीची, कुणी न सांगता ओतलेली, खडूने खूण केलेली. नवीन असताना मी विचारलं होतं, ही कशाला? तुम्ही म्हणाला होतात, "उद्या कुणी विचारायला आलं तर धातूच सांगेल. मला कुठे तुमच्यासारखं लिहिता येतं?"

सातव्या ओतणीचीही होती. तिच्यावर खडूचा गोल आणि आत सात रेघा. दहा महिने मी त्या फळीसमोरून रोज दोनदा जात होते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा क्रमाने लिहायचं आहे. तीनशे अंशांवरही झिजणार नाही असं ओतीव अ‍ॅल्युमिनियम बनवायचं होतं. सहा मिश्रणं फसली. सातवं जमलं, असं मी लिहिलं. त्याचे पिस्टन तुम्ही ओतलेत, ते चाचणीच्या इंजिनात बसले आणि तिसऱ्या आठवड्यात खरवडून निघाले. चौकशीत एक पिस्टन कापला, त्यात दोन-तीन बारीक छिद्रं दिसली. तेवढी कुठल्याही ओतकामात दिसतात. अहवालात आलं, ओतताना धातूत हवा राहिली. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बाईंना विचारा." मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले आणि मग अहवालावर सही केली. पुढच्या आठवड्यात तुम्ही काम सोडलंत. तीस वर्षांनंतर, निरोपाचा चहासुद्धा न घेता.

मी तेव्हा तोंड उघडलं नाही, एवढीच माझी चूक, असं मी डायरीत लिहीत आले. पानंच्या पानं. तेही खरं नव्हतं.

हा धातू तापवल्यावर पहिल्या दिवशी छान कडक असतो. खरी परीक्षा पुढे असते, तापत राहिला की तो आतून हळूहळू मऊ पडतो. म्हणून झिजेच्या चाचणीआधी नमुने शंभर तास तीनशे अंशांवर ठेवायचे, हा नियम मीच घातलेला. सातव्याच्या वेळी शंभर तास झाल्यावर भट्टीचं दार उघडलं, तर आत हात घालता आला. मधेच कधीतरी ती बंद पडली होती. तापमानाची रेघ ज्या गोल कागदावर उमटते तो काढून बघितला. सव्वीसाव्या तासाला रेघ खाली आलेली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती, आणि दुसऱ्या दिवशी निकाल दाखवायचा होता. मी नमुने तसेच फिरत्या चकतीवर घासले. आकडे सुरेख आले. तासांच्या रकान्यात मी 'शंभर' लिहिलं. वाटलं, काही फरक पडणार नाही. वाटलं नव्हतं, वाटून घेतलं.

तो गोल कागद घडी घालून डायरीत ठेवला, फाडला नाही. याचं बरं वाटून घ्यावं की लाज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कांब सापडल्यावर अर्धी कापून नमुने केले. या वेळी शंभर तास, पूर्ण. कडकपणा निम्म्यावर आला, झीज माझ्या जुन्या आकड्याच्या नऊपट. तुमचं ओतकाम चोख होतं. माझा धातूच कच्चा होता.

आज सकाळी हे सगळं, गोल कागदासकट, व्यवस्थापकांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, आता हे कशाला उकरून काढताय? ते गृहस्थ तर गेले."

"गेले नाहीत, घालवले," मी म्हटलं. "आणि ते माझे मामा आहेत." कामावर नातं सांगायचं नाही, हे आपलं ठरलेलं होतं. ते मोडलं.

अहवालाला दुरुस्ती जोडली जाईल, तुमच्या नावाने तसं पत्र येईल. माझं काय करायचं ते गुरुवारी ठरेल.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुम्हाला बोलायला लावण्याचा हक्क मी त्या टेबलापाशी घालवला. फोन घेऊ नका हवं तर. फक्त मामींना खरं सांगू द्या, की घरी आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात. मला चालेल.

उरलेली अर्धी कांब सोबतच्या पुडक्यात आहे. खडूची खूण पुसू दिलेली नाही. कापलेली बाजू आरशासारखी घासली आहे, उन्हात धरून बघा. छिद्र सापडणार नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली तीन दिवस शोधत होते. सापडावं म्हणून शोधत होते, हेही लिहून ठेवते.

खाली भिंगरी लिहावंसं वाटलं, पण ती हाक तुमची आहे, माझी मीच ती घालू शकत नाही. तुम्ही म्हणाला होतात, बाईंना विचारा. उत्तर द्यायला अकरा महिने लागले.

बाई