कामून

निघोजे,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

सौ. दीपमालास,

साधनाचा नमस्कार. तू धाकटी जाऊ, म्हणजे रीतीने आशीर्वाद लिहायला हवा, पण सध्या मन तेवढं मोठं नाही. इकडे सर्व ठीक. जयदीप भाऊजी आणि अपेक्षा बरी असतील. आत्यांचे, तुझ्याही सासूबाईंचे, गुडघे थंडीने धरलेत, बाकी तब्येत चांगली.

निघोज्याहून निगडीला जायला तासभर लागतो आणि मी जावेला कुरिअरने पत्र पाठवतेय. काय करणार? मला तू ब्लॉक केलंस, ह्यांचा फोन उचलत नाहीस. तुझ्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून वॉचमनच्या तोंडून 'मॅडम नाही म्हणतायत' ऐकायची माझी तयारी नाही.

बातमी एकच. 'आपली भावकी' ग्रुप ओस पडला. चौऱ्याहत्तरातले एकोणीस जण बाहेर पडले. उरलेले पुन्हा गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ टाकायला लागलेत. तू जिंकलीस, अभिनंदन.

गेल्या रविवारी आत्यांच्या नंबरवरून तुला ग्रुपवर मेसेज आला. 'माला, मला न्यायला कामून आली न्हाईस? अपेक्षाच्या साखरपुड्याला मला ने. पावण्यांपुढं मी नीट बोलंन.' पाच मिनिटांत तुझं उत्तर हजर. 'ताई, आत्यांच्या नावाने चाललेलं नाटक पुरे करा. त्या कामून कधीपासून म्हणायला लागल्या? हा तुमच्या परभणीकडचा शब्द. निघोज्यात का म्हणतात, कामून नाही. आणि नीट बोलण्याचा टोमणा मला कळला.' सगळ्या भावकीसमोर. खाली हिंदुरावकाकांनी मला लिहिलं, 'म्हातारीला तरी सोडायचं होतं, सूनबाई.' मी स्वयंपाकघरात फोन धरून उभी होते. पोळी करपली तरी कळलं नाही.

तू चोर पकडलास हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही.

ग्रुपचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा तिथे कोणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी मोशीत, कुणी देहूरोडला, कुणी फ्लॅट घेऊन तुझ्यासारखं प्राधिकरणात. मी रोज काहीतरी विचारायचे. गावच्या जुन्या विहिरीला काय म्हणायचे, हुलग्याच्या माडग्यात गूळ कधी घालायचा. सगळे वाचायचे आणि गप्प बसायचे. परभणीकडच्या सुनेला कोण उत्तर देणार? माझे वडील चाकणच्या कंपनीत कामाला आले म्हणून मी या घरात आले, हे तू दोन वेळा हसत हसत सांगितलंयस, माझ्यासमोर.

मग एकदा तू तुझ्या नव्या ओट्याचा फोटो टाकलास. आत्या माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "समदं हाय, पर चूल कुटंय?" मला हसू आलं. त्यांचा फोन, तोच भाऊजींचा जुना, चार्जिंगला होता. मी त्यावरून तेवढंच टाकलं. एक्केचाळीस जणांनी उत्तरं दिली. तूसुद्धा तीन हसरे चेहरे टाकलेस.

तिथून मला चटक लागली. आत्या झोपल्या असोत, भाजी निवडत असोत, मी त्यांच्या नावाने लिहीत गेले. व्हय, न्हाई, आमी, हाय. माझा एकही शब्द शिरू नये म्हणून तीनतीनदा वाचायचे. सोनबाआण्णा आणि हिंदुरावकाका सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. 'आत्यांनी' दोघांना एकाच मेसेजात विचारलं, पडवीतला झोपाळा कुणी मोडला होता लहानपणी? दोघे दुपारभर भांडले, आणि दसऱ्याला एकमेकांकडे जेवले. हे माझ्या लबाडीने झालं. मला त्याची लाज वाटत नाही. तुला ज्याची वाटायला हवी त्याची आधी वाटू दे.

दोन वर्षांपूर्वीच्या तुझ्या वास्तुशांतीचा दिवस आठव. अपेक्षा आजीला म्हणाली, "व्हय आजी." तू सगळ्या पाहुण्यांसमोर तिला झापलंस, "असं गावंढळ बोलायचं नाही आपल्या घरात." आजी शेजारीच बसली होती, हातात पेढा धरून. तिने तो खाल्ला नाही, पिशवीत टाकून घरी आणला. त्यानंतर आत्या निगडीला आल्या नाहीत आणि फोनवर कुणाशीही बोलल्या नाहीत. तू विचारलंस कधी, का? तू फक्त ग्रुपवरचे त्यांचे मेसेज मैत्रिणींना पाठवत राहिलीस, 'आमच्या सासूबाई कित्ती क्यूट.' घरात नको असलेली बोली फोनमध्ये मात्र गोड लागली तुला.

आता तुझ्या त्या हुशारीकडे येते.

मी लग्न होऊन आले तेव्हा उठता बसता कामून म्हणायचे. आत्या माझी नक्कल करायच्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "ही बगा आमची कामूनबाई." मी खूप रडलेय त्यावरून. मग मी तो शब्द सोडला. त्यांनी मात्र नक्कल करता करता तो धरला. सत्तावीस वर्षं एका ओट्यापाशी काढली आम्ही. आता म्हैस दूध देत नसली तरी त्या म्हणतात, कामून. त्यांना स्वतःला पत्ता नाही. तुला कुठून असणार? तू सणाला येतेस आणि चहा व्हायच्या आत निघतेस.

रविवारी मी तू ग्रुपवर टाकलेली साखरपुड्याची पत्रिका फोनवरून त्यांना वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "लिव." दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या बोलल्या, मी लिहिलं. कामून आलं तिथे माझं बोट थांबलं. सवयीने पुसणार होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "मी म्हनलं तसंच लिवलंस न्हवं?" मी व्हय म्हणाले आणि राहू दिलं.

तेवढा एकच मेसेज त्यांचा आहे, दीपमाला. बाकी सगळे माझे. दिवाळीत 'माला गुणाची हाय' म्हणून आलेला, तू चार दिवस स्टेटसला ठेवलास, तोही माझा. त्या असं कधी म्हणाल्या नाहीत. मी लिहिलं, कारण तू त्यांना न्यावंस असं मला वाटत होतं.

ग्रुपवर हे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सोनबाआण्णांना कळलं असतं की आपण कुणाचं ऐकून जेवायला गेलो. आणि खरं लिहायचं तर मला रागही होता. सत्तावीस वर्षं त्यांचे गुडघे मी चोळते, आणि त्यांनी तोंड उघडून काही मागितलं ते तुझ्याकडे. माझी लबाडी पकडायची तर हजार मेसेज होते. तू नेमका तो धरलास.

आत्यांना काही माहीत नाही. रोज विचारतात, "निळ्या टिका आल्या का गं?" मी सांगते, रेंज नाही.

साखरपुडा तीस तारखेला. इस्त्री केलेलं लुगडं खुर्चीवर ठेवलंय. सकाळपासून त्या माझ्यामागे फिरतायत, "कामूनबाई, बग बरं, बरुबर हाय का?" आणि हळूच म्हणून दाखवतात, होय, नाही, आम्ही, आहे. 'आहे' अजून नीट येत नाही. मीच शिकवतेय.

गाडी पाठवू नकोस, स्वतः ये. मला माफ करू नकोस, मीही तुला करत नाही. पण दारात पाय ठेवशील तेव्हा त्या तुला 'होय' म्हणायच्या आत तू त्यांना 'व्हय' म्हण.

त्यांची सून, तुझी कुणी नाही,
साधना