उंदराला कुरवाळू नये

३ जून, सोमवार
रविवारी लेक येतेय राहायला. तिच्या आईची खोली तिला द्यायची. फोनवर म्हटलं, रिकामी करून ठेवतो, त्यात काय! बायको गेल्यापासून ते दार उघडलं नाही खरं, पण ते निव्वळ वेळ नाही म्हणून. सोफ्यावर झोपतो. कमरेला बरं.

४ जून
लॅबमध्ये नवा प्रयोग. उंचावर अधिकच्या चिन्हासारख्या पट्ट्या. दोन भिंतींच्या, दोन उघड्या. घाबरट उंदीर भिंतीआड बसून राहतो, धीट उघड्यावर हिंडतो. लॅबच्या मॅडमनी समजावलं, मेंदूतलं पेप्टाइड नावाचं एक रसायन भीती वाढवतं आणि मेंदू स्वतःच अफूसारखं काही बनवून ती दाबतो. कायमची रस्सीखेच.
माझी अफू फर्स्ट क्लास असणार. धाकधूक अशी नाहीच. खोली उद्या नक्की.

५ जून
कडी गंजलेली वाटली. तेल घातलं. तेल मुरायला वेळ द्यावा लागतो.

६ जून
आम्ही ज्याला पहिलवान म्हणतो त्या उंदराला पेप्टाइड टोचलं. लटलट कापायला लागला. जरा वेळ कोटात धरला, पाठीवरून हात फिरवला. मग पट्टीवर सोडला, तर पठ्ठ्या उघड्यावर असा हिंडला, जशी बापाची जहागीर! भीती दाबणारं औषध मॅडमनी आधीच दिलं असणार. जबरदस्त आहे.

७ जून
मॅडम तापल्या. पहिलवानाला भीती दाबणारं औषध दिलंच नव्हतं, मग हिंडला कसा? सांगावं लागलं. म्हणाल्या, काका, कुरवाळलं की मेंदूतली अफू आपोआप सुटते, तुम्हाला टोचायला ठेवलंय की लाड करायला? नोंद माझ्याच हाताने करायला लावली: हाताळणी झाली, निकाल बाद.
पिंजरे धुणाऱ्या बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी काकांनाच सोडा पट्टीवर. हसलो. त्यांना काय माहीत.

८ जून, शनिवार
सुट्टी. आज दार उघडणारच.
दारापर्यंत गेलो. भिंतीच्या कडेकडेने परत आलो. मधली फरशी गार असते.
स्वयंपाकघरातले डबे लावले. संध्याकाळी पुन्हा लावले.

९ जून, रविवार
लेक आली. बॅग टेकवून विचारलं, बाबा, खोली? म्हटलं, कडीत तेल मुरतंय. ती म्हणाली, तेलाला बरीच सवड दिसतेय. मग माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने कडी काढली. सहज निघाली. गंज नव्हताच.
उशीजवळ बायकोचा चष्मा होता, काड्या उघड्या. आत गेलो. बराच वेळ उभा राहिलो. तिने हात सोडला नाही.
हाताळणी झाली. निकाल बाद.