मटणावाचून एक महिना

८ जानेवारी १९७८, रविवार
डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. माझा एकशे सत्तर, बायकोचा, प्रेमिलाचा, एकशे साठ. मटण, अंडी, मीठ कमी करा म्हणाले, नाहीतर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल. कमी? मी अर्धवट कामं करत नाही. उद्यापासून मटण, अंडी, दूध, तूप, मीठ सगळं बंद. प्रेमिलालाही सक्ती. बायकांना स्वतःहून शिस्त लागत नाही.
आजचं मटण शिजलेलंच होतं. अन्नाचा अपमान नको म्हणून खाल्लं. दोनदा.

९ जानेवारी, सकाळी ७
बिनदुधाचा चहा. शरीर हलकं वाटतं.
७.२० : हलकं म्हणजे भूकच आहे.
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रुपरावांशी वाद. हे गृहस्थ रोज दोन उकडलेली अंडी खातात. म्हणाले, प्रोटीन कुठून आणसान गा? मी विचारलं, हत्ती काय खातो? तर म्हणतात, हत्ती दिवसभर खातच राहते, त्याले ऑफिस असते काय? अडाणी माणूस.

१५ जानेवारी, रविवार
ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. सगळं अळणी. तक्रार केली. प्रेमिला म्हणाली, तुमच्यासाठी मीबी अळणीच खाऊन राहिली ना? आणि मुकाट्यानं दोन भाकरी संपवल्या. हिला चवच कळत नाही.

२३ जानेवारी
कामठीला सरकारी काम. खानावळीत पाटोडी मागवली. पाटोडी बेसनाची, म्हणजे वनस्पतीच. वरचा तर्रीदार, लाल तेलाचा रस्सा मटणाच्या पातेल्यातला होता, पण रस्सा म्हणजे पातळ पदार्थ. नियम मोडला नाही. दुसऱ्या वाटीत चार तुकडे निघाले. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

१ फेब्रुवारी
कामठीला आता आठवड्यातून तीनदा काम निघतं. आज घरी जेवण गेलं नाही. प्रेमिलाला वाटलं, मी खंगत चाललो. तिनं आपल्या वाटची भाजी माझ्या ताटात वाढली. छातीत जरा कसंसंच झालं. अ‍ॅसिडिटी असावी.

६ फेब्रुवारी
ऑफिसच्या क्लबात रविवारी माझं व्याख्यान : ‘शाकाहार आणि दीर्घायुष्य’. अध्यक्ष आमचे डॉक्टरच. आधी सर्वांसमक्ष आम्हा दोघांचा रक्तदाब मोजण्याची कल्पना माझीच. पुरावा हवा.

१२ फेब्रुवारी, रविवार
माझा एकशे पंचाऐंशी. डॉक्टरांनी यंत्र झटकून पुन्हा मोजलं. एकशे नव्वद. प्रेमिलाचा एकशे तीस.
डॉक्टरांनी मला खाली बसवलं आणि तिला बोलायला सांगितलं. ती आयुष्यात कधी स्टेजवर चढली नव्हती. दहा मिनिटं बोलली. जवसाची चटणी कशी करायची ते रुपरावांनी लिहून घेतलं.
परतताना रिक्षात मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं असावं. ती म्हणाली, तुमच्या शर्टावरचे तर्रीचे डाग कोण धुते? मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. वाट पाहून राहिली होती, तुम्ही स्वतःहून सांगसान म्हणून.
रागावली का, विचारलं.
म्हणाली, राग नाही येत. तुमच्यामागं एकटीनं राहाचं भेव वाटते.
घरी तिनं भाकर वाढली. खाल्ली.