मुद्दीसमोर कोणी बोलू नये

मी, खाली सही करणारा, बंदरावरच्या जप्तीच्या गोदामाचा निवृत्त किल्लीदार, ही माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने आणि एकही शब्द मोठ्याने न उच्चारता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरल्या मुलीने आणून पाहिला, त्याचे पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून देण्याजोगे आपल्याकडे काही आहे, हे मला उशिरा सुचले.

मोठ्याने न उच्चारण्याचे कारण आतल्या खोलीत दांडीवर बसले आहे. त्याचे नाव मुद्दी.

१. मुद्दी मी कोणाला देऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. वकीलसाहेबांनी मला जिन्यात उभे करून समजावले.

"आजोबा, हिला मृत्युपत्रात घालता येणार नाही. ती तुमची नाही."

"मग कोणाची?"

"अजून तरी सरकारची. मुद्देमाल आहे ती."

"मग मी काय घालू?"

"तुमची इच्छा घाला. तिला कायद्याची हरकत नसते."

म्हणून इच्छा लिहितो, आणि ती समजावी म्हणून थोडी हकिगतही. एका प्रवाशाने बनियनला कप्पे शिवून त्यांत पोपटाची अंडी दडवून आणली होती. हे पोपट फक्त दूरच्या एका बेटावर उरलेले, आणि त्यांची ने-आण करायला सगळ्या देशांनी मिळून बंदी घातलेली. माणूस पकडला गेला. अंडी माझ्या ताब्यात आली, लाखेची मोहोर लावून. गोदामात थंडी होती म्हणून मी खोक्यावर दिवा लावून ठेवला. पुरावा खराब होऊ नये, इतकाच माझा हेतू. बाकीची अंडी गार पडली. एक फुटले.

गोदामाची नोंदवही ठेवणारे साहेब हादरले. "नोंद अंड्याची आहे, किल्लीदार. हा पक्षी कुठून आला?"

"अंड्यातून, साहेब."

"मग अंडे कुठे आहे?"

त्यांनी शेवटी नोंदीत लिहिले : हिरवा पोपट, नग एक, स्थिती चालू. खटला संपेपर्यंत पोसायला म्हणून पिलू माझ्या हवाली केले. मी ते रुमालात गुंडाळून घरी आणले. माझ्या पत्नीने रुमाल उघडला आणि म्हणाली, "अगं बाई, हा कसला मुद्देमाल! ही तर मुद्दी." खटला संपायच्या आत आरोपी म्हातारा होऊन वारला, साहेब निवृत्त झाले, माझी पत्नी गेली. मुद्दी अजून चालू आहे.

आता न्यायालयाने सांगितले आहे की पक्षी त्याच्या बेटावर परत पाठवावा. तिथे या पोपटांची वीण वाढवण्याचे केंद्र आहे. निरनिराळ्या देशांची माणसे ते चालवतात. ज्या रानातून मुद्दीचे अंडे चोरले ते रान जळून गेले. त्या रानाच्या रक्ताची ही एकटीच उरली आहे, म्हणून ते तिची वाट पाहत आहेत. अट एकच. तिने माणसासारखे बोलता कामा नये. पिले तिच्याकडून बोलायला शिकतील, पुढे रानात माणसाचा आवाज ऐकून आपण होऊन जवळ जातील आणि पुन्हा कोणाच्या तरी बनियनमध्ये जातील. ती बोलत राहिली तर तिला कायम वेगळ्या पिंजऱ्यात एकटी ठेवतील. म्हणून दोन्ही देशांचे परवाने येईपर्यंत तिच्या कानांवर माणसाचा शब्द पडू द्यायचा नाही. केंद्राने रानातल्या पोपटांच्या आवाजांची ध्वनिफीत पाठवली आहे. ती सकाळ-संध्याकाळ लावतो.

परवान्यांआधी मी गेलो, तर ही शांतता थोरलीने पुढे चालवावी. माझी इच्छा ती एवढीच. बाकीची कलमे नुसती घर आवरण्यासाठी आहेत.

२. राहते घर थोरली आणि धाकटा दोघांना सारखे. मात्र मुद्दी विमानात बसेपर्यंत ते विकू नये, भाड्याने देऊ नये, रंगवूही नये. रंगारी गातात.

३. थोरलीची हरकत मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. ती मागच्या महिन्यात आली. मी ओठांवर बोट ठेवून तिला जिन्यात नेले.

"बाबा, जिन्यात काय बोलायचं? लोक बघतायत."

"हळू बोल."

"आईचा आवाज आहे तो! विमानात घालून पाठवणार? आणि जाईपर्यंत तो पुसून काढणार?"

"आई नाही ती. मुद्दी आहे."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

मी विचार करून पाहिला. जिन्याच्या कठड्याचा रंग निघाला होता, तो दिसला. खालून कोणीतरी बादली घेऊन वर येत होते. वाटत काही नव्हते. तसे मी तिला सांगितले. ती चप्पल हातात घेऊन खाली उतरली आणि रस्त्यावर जाऊन घातली.

तिचे चुकले असे मी म्हणत नाही. मी मुद्दीला वर्षानुवर्षे शाळेतल्या कविता शिकवल्या, चालीसकट. आमचे गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ताल धरत, तसा मी दांडीवर चमचा आपटून धरला. फांदी, पाखरू, पहाट असले सोपे शब्द निवडून घेतले. तिने त्यातली एकही ओळ घेतली नाही. माझी पत्नी मात्र रोज जेवणे झाल्यावर मला विचारी, "अहो, गॅस बंद केलात का?" ते मुद्दीने आठवड्यात उचलले. तोच हेल, तोच शेवटी लागणारा थोडा संशय. मी बंद केलेला असे, तरी उठून पाहून येई. पत्नी गेल्यावरही प्रश्न आला की मी म्हणे, "केला गं." तिच्या जाण्याने मी रडलो नाही, याचे नातेवाइकांना नवल वाटले. त्यात नवल काही नव्हते. ती गेल्याची खबर या घरात अजून पुरती पोचलेली नाही.

शांतता सुरू झाल्यापासून मी उत्तर देत नाही. प्रश्न आला की बसून राहतो. आधी तो रोज येई. मग दिवसाआड. आता कधीतरी येतो आणि अर्ध्यावर तुटतो. केंद्राच्या मते ही प्रगती आहे.

४. थोरलीने तो प्रश्न फोनमध्ये भरून घेतला आहे. आईची पोपटाने केलेली नक्कल आणि त्या नकलेची फोनने केलेली नक्कल, अशी ती वस्तू आहे. ती तिचीच राहील. फक्त या घरात वाजवू नये.

५. ज्याच्या कडा वर वळवून पत्नीने पिलाला भरवायचे साधन केले तो वाकडा चमचा थोरलीला. कविता शिकवताना मी आपटत असे तोही हाच, त्यामुळे पोचे माझे आणि वाक तिच्या आईचा.

६. शाळेची जुनी क्रमिक पुस्तके धाकट्याला. लहानपणी पाखराचे घरटे मोडते त्या कवितेला तो रडत असे. आता ते कबूल करत नाही. या प्रकरणी त्याने फोनवर एकच विचारले, "ती तिकडे जगेल ना बाबा, एवढंच सांगा." पुस्तके त्याला, कारण त्याने विचारले ते बरोबर होते. मी सध्या त्या कविता नुसते ओठ हलवून म्हणतो. चाल आत कुठेतरी चालू असते. पूर्वी एखाद्या कडव्यापाशी थांबावे लागे. आता कडवे येते आणि पुढे जाते, स्टेशनावर न थांबणाऱ्या गाडीसारखे.

७. लाखेच्या कांड्या, मोहोर आणि चिमटा मेहुण्यांना. ते दर भेटीत म्हणत आले, "दाजी, पोपटाला पेरू घालायचा असतो. तुम्ही त्याला कोर्टाच्या तारखा काय घालताय?" त्यांनी मोहोर घ्यावी आणि आपल्या तोंडाला लावावी. राग नाही. मुद्दी जाईपर्यंत लावावी, इतकेच.

८. नोंद करणाऱ्या साहेबांना काही नाही. कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशात ते बेट होते; आयुष्यभर त्या नकाशाकडे पाठ करून बसलेल्या माणसाला काय द्यावे, ते मला कळत नाही. तरी "स्थिती चालू" हे शब्द त्यांचे आहेत आणि मला अजून पुरतात.

९. वरच्या मजल्यावरचे बँडमधले क्लॅरिनेटवाले रियाज करायला धक्क्यावर जातात, माझ्या एका विनंतीवरून, भर उन्हातसुद्धा. माझी आरामखुर्ची आणि छत्री त्यांना.

१०. मी मुद्दीच्या आधी गेलो तर भेटायला येणाऱ्यांनी जिन्यात थांबावे. रडायचे असेल त्यांनी गच्चीवर जावे, वारा चांगला असतो. माझ्याविषयी चार शब्द बोलायचे असतील तर ते लिहून टपालपेटीत टाकावेत. आतली ध्वनिफीत त्या दिवशीही दोन्ही वेळा लावावी.

११. मुद्दी गेल्यावर या घरात सर्वांनी हवे तितके बोलावे. थोरलीने विशेषतः.

हे सर्व मी समजून लिहिले. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या. सह्या चालू असताना आतून प्रश्न आला, या वेळी पूर्ण. क्लॅरिनेटवाल्यांच्या तोंडून सवयीने "केला हो, वहि—" एवढे निघाले आणि त्यांनी लेखणीसकट हात तोंडावर ठेवला. त्यांच्या सहीखालचा शाईचा डाग त्याचा आहे. तो खाडाखोड समजू नये.

स्थळ : राहते घर, बाहेरची खोली.
दिनांक : वकीलसाहेबांनी वर शिक्क्यात घातला आहे तो.

सही : किल्लीदार (निवृत्त)
साक्षीदार पहिले : क्लॅरिनेटवाले, वरचा मजला
साक्षीदार दुसऱ्या : मुद्दीला तपासणाऱ्या पशुवैद्य बाई

ता. क. साक्षीदार गेल्यावर मी संध्याकाळची ध्वनिफीत लावली, ती संपली, मी यंत्र बंद केले. त्यानंतर आतून एक आवाज आला. लांब, वर चढत जाणारा, शेवटी दोनदा तुटणारा. तो ध्वनिफितीतला नव्हता, माझ्या पत्नीचा नव्हता, या घरात कधी कोणी काढलेला नव्हता. तो दुसऱ्यांदा आला. मग ती गप्प झाली आणि मान वाकडी करून थांबली, कोणी उत्तर देते का ते बघत. जेवणे झाल्यावर तिने काही विचारले नाही. मग आपणच उठून गॅस पाहून आलो. बंद होता.