रुसून येतेय, खोली आवरून ठेवा

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलेय; खरंखुरं वाकायला कंबर तयार नाही.) तुमचा पाय कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? सात वर्षांपूर्वी तो मोडला आणि त्या पायापायी माझी जगभर बदनामी झाली, म्हणून आधी त्याचीच चौकशी.

तेव्हा तुमच्या शुश्रूषेला मी आठ दिवस आले होते. तेवढ्यात इकडे तुमच्या बंधुराजांनी ‘रिकामं कपाट’ हे गाणं रचलं. बायको सोडून गेली, हँगर नुसते हलताहेत, वगैरे. (कपाट रिकामं नव्हतं. माझे स्वेटर तसेच होते.) स्टेडियमं भरली, पोरी ओक्साबोक्शी रडल्या आणि मी ठरले निर्दय बाई! परवा दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात नळी, कापूस सगळं कोंबून झाल्यावर विचारलं, “एवढ्या गुणी माणसाला सोडवलं तरी कसं हो?” बोलणार काय, कपाळ? आ वासून पडून राहिले.

त्यानंतर मात्र यांना धड गाणं सुचलेलं नाही. (गेल्या आठवड्यात एक झालं, वॉशिंग मशीनवर. बरं नव्हतं.) दोन महिन्यांत अल्बम दिला नाही तर कंपनी हात वर करणार, मग बँड मोडलाच समजा. शेवटी ड्रमवाले भावजी स्वयंपाकघरात येऊन हात जोडून म्हणाले, “वहिनी, आठ दिवस कुठंतरी रुसून जा हो.” रुसून जायचं ते माहेरी, पण आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुम्हीच. नवऱ्यावर रुसून त्याच्याच बहिणीकडे जाणारी मी पहिलीच असेन.

रुसायला कारण हवं म्हणून काल भांडण काढलं. पण वीस वर्षं ड्रमशेजारी उभं राहून यांचा डावा कान गेलाय, आणि हरायची वेळ आली की हे तोच कान पुढे करून गोड हसतात. मी टेबलाला वळसा घालून उजवीकडे गेले, तर हेही वळले. असे तीन वळसे झाल्यावर दमून मीच पाणी प्यायले.

तर गुरुवारी येते. गाणं पुरं होईपर्यंत यांना दारात उभं करू नका. फोन आला तर मी घरात नाही म्हणून सांगा.

तुमची,
(जगाच्या मते) पळून गेलेली भावजय

ता. क. फोन आलाच नाही तर? मागच्या वेळी आठ दिवसांत एकदाही केला नव्हता. गाणं करत होते म्हणे. तिसऱ्या दिवशीही आला नाही तर तुम्हीच करा आणि मला सर्दी झालीय म्हणून सांगा. मी सांगायला लावलं, हे मात्र बोलू नका.

आणखी एक ता. क. आत्ता बॅग भरली. चेन ओढायचा अवकाश, हे वरच्या खोलीतून धावत खाली! हेडफोन गळ्यात, वायर मागे फरफटत. “कुठे निघालीस?” वीस वर्षांत दाराची बेल ऐकू आली नाही या माणसाला, आणि चेन ऐकू आली! मला मेलं रडूच आलं. गाणं गेलं खड्ड्यात. भावजींना कळवलंय, आता तुमची बायको रुसवा आणि तुम्हीच लिहा. आम्ही दोघं येतोय. पलंगाची डावी बाजू यांना द्या, म्हणजे चांगला कान माझ्याकडे येईल. भांडण अर्धंच राहिलंय.