खुर्चीमागून

३ फेब्रुवारी, मंगळवार

घुम्या, मुखदुर्बळ, कोपरा धरून बसणारा — आजवर मिळालेल्या पदव्या. आज आणखी एक मिळाली, आणि ही चक्क छापील! 'कनवाळू अंतर्मुख.'

मालकीणबाईंनी दुकानात एक प्रशिक्षक बाई बोलावल्या होत्या. कानाच्या मशीनचं दुकान, माणसं इनमिन पाच, पण प्रश्नांचे कागद म्हणजे परीक्षाच. "कुणी रडत असेल तर तुम्ही काय करता? सल्ला देता, विषय बदलता, की जवळ बसून राहता?" मी जवळ बसण्यावर खूण केली. खरं तर 'पाणी आणून देतो' असा पर्याय हवा होता.

निकालाखाली शोभतील असे व्यवसाय. परिचारक, ग्रंथपाल, समुपदेशक, बालवाडीचे शिक्षक, प्राण्यांच्या दवाखान्यातला मदतनीस. मशीन बसवणारा — नाही. शाखाप्रमुख तर औषधालाही नाही!

आणि नेमकं आजच मालकीणबाईंनी पत्र हातात ठेवलं. नवी शाखा उघडतायत. प्रमुख मी. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं. म्हणाल्या, "गिऱ्हाइकं तुझंच नाव काढतात रे. मग तूच नको का?"

घरी मी तोंड उघडायच्या आत ताईने पत्र ओढून घेतलं, वाचलं, आणि मला मिठीच मारली.

४ फेब्रुवारी, बुधवार

ताई रात्रभर झोपली नसावी. सकाळी दाजींना पत्र पुन्हा वाचून दाखवत होती. दाजी ओरडून म्हणाले, "कळलं गं, कळलं!" लग्न झालं तेव्हा किती मवाळ बोलायचा हा माणूस. या घरात राहून आवाज चढलाय त्यांचा.

आई गेली तेव्हा मी दप्तराएवढा. ताई शिकणं सोडून बाटल्यांच्या कारखान्यात लागली. हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत पट्ट्यावरून जायच्या, ती त्यातल्या फुटक्या वेचायची. त्या बाटल्यांवर मी शिकलो. शाळेत माझ्या वतीने तीच बोलायची, दवाखान्यात तीच, मुलाखतीला बाहेरच्या बाकावर बसून राहिली तीही तीच. आत येऊ दिलं असतं तर उत्तरंही तिनेच दिली असती. आणि घरी सदा एकच — "मोठ्याने बोल की रे, घुम्या!"

तिच्यामुळे माझं काही अडलं नाही. हे तिला एकदा नीट सांगायचंय. किती वर्षं नुसतं ठरवतोय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रमुख झालो तर मागची खोली सुटणार. एक खुर्ची, एक खिडकी, जाड पडदा. कान मालकीणबाई तपासतात, मशीन बसवणं माझ्याकडे. बसवून झालं की मी खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहतो. समोरून बोललं की माणसं ओठांवरून ओळखतात आणि आपल्याला वाटतं ऐकू आलं. "ऐकू येतंय का?" असं तर विचारायचंच नाही. सगळे भिडेपोटी हो म्हणतात. मी आपला नेहमीच्या आवाजात विचारतो, "आज येताना काय काय दिसलं?" उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर पुन्हा लॅपटॉप उघडायचा आणि मशीनचा आवाज वाढवायचा.

आज एका आजींनी बसमधल्या भांडणाचं साग्रसंगीत वर्णन केलं. मी मध्ये 'हं' सोडून काही बोललो नाही. जाताना म्हणाल्या, "किती छान गप्पा मारता हो तुम्ही!"

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रशिक्षक बाई एकेकाला वेगळं भेटल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. मी आधीच सांगून टाकलं, मला माणसांची भीती वाटते.

"वाटते? दिवसभर माणसांच्या कानात तर हात असतो तुमचा."

"एकेकटी आली की नाही वाटत. घोळका झाला की..."

"मग माणसांची नाही, घोळक्याची. कुठल्या दिवशी घरी जाताना बरं वाटतं?"

मी म्हणालो, ज्या दिवशी पडद्यामागे चार-पाच जण येतात. एकामागून एक.

"आणि कुठल्या दिवशी जीव नकोसा होतो?"

बैठकीच्या. तेही बैठकीत नुसता बसून असतो तरी.

"मग तुमच्यात बिघाड काही नाही. तुम्ही कशाने भरता आणि कशाने रिते होता, एवढंच आहे ते. शाखा घ्यायची असेल तर मोठ्याने बोलणं शिकता येईल, मी शिकवीन. पण घ्यायची का, ते त्या कागदाला विचारू नका."

चाळिशीला टेकलो, हे मला कुणी विचारलं नव्हतं. बाईंचे आभार मानायला हवे होते. मी नुसतीच मान हलवली. कनवाळू अंतर्मुख!

१४ फेब्रुवारी, शनिवार

सराव चालू. पोटातून आवाज काढायचा. आठवडा संपेपर्यंत माझ्यासकट सगळं दुकान दचकून झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. परवा ज्यांना मशीन बसवून दिलं ते पोस्टमनकाका परत आले. जन्मभर घरोघरी पत्रं वाटलेला माणूस, आता निवृत्त. तक्रारीचा सूरसुद्धा नाही. "इथे तुमचं झकास ऐकू आलं. घरी नात बोलते, तर नुसते ओठ हलतात."

मला लगेच कळलं. परवा खुर्चीमागून मी पोटातल्या आवाजात बोललो होतो. सभा गाजवल्यासारखा! तो आवाज त्यांना आला, म्हणून मशीन तेवढ्यावरच सोडलं. नात काय पोटातून बोलते?

खरं तेच सांगितलं. काका हसायला लागले. म्हणाले, "अहो, मग तुम्ही बोलता तसंच बोला ना." मागे गेलो. नेहमीच्या आवाजात विचारलं, येताना काय दिसलं? काही नाही. वाढवलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "एक कुत्रं दिसलं, माझ्यासारखंच म्हातारं." मग मान वळवून, "आवाज चांगला आहे की तुमचा. घरातल्या माणसासारखा. हळू कोण म्हणतं?"

सगळेच म्हणतात, काका. लहानपणापासून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. शाखा नको. मला खुर्चीच्या मागेच बरं वाटतं, आणि तिथे माझा उपयोग आहे. एवढं साधं होतं.

पण ताईला सांगायचं होतं. संध्याकाळी ती मोरीत भांडी घासत होती, नळ सुरू. तिच्या तोंडाकडे बघत बोलायची हिंमत नव्हती, म्हणून दारातच उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मी शाखाप्रमुख होणार नाहीये. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि किती वर्षं राहिलेलं तेही बोललो — की तू बाटल्या वेचल्यास म्हणून मी माणसात आलो, माझ्या तोंडची सगळी वाक्यं तू बोललीस, आईची उणीव तू जाणवू दिली नाहीस. इतकं लांबलचक मी जन्मात बोललो नसेन.

ती वळलीसुद्धा नाही. पातेलं घासत राहिली.

चिडली असणार. चिडू दे. माझ्या मनातलं सांगून झालं, हेच पुष्कळ. खोलीत येऊन रडलो थोडा, पण हलकं वाटतंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मालकीणबाईंना 'नाही' म्हणून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? तुझ्यानंतर मागच्या खोलीत कोण, या विचाराने माझीच झोप उडाली होती." शाखा काउंटरवरच्या मुलीला मिळाली. ती घोळक्यात फुलते. आनंदाने तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. आज सगळ्यांनाच दुवा द्यावासा वाटतोय.

ताई नेहमीसारखीच वागतेय. विषयच काढत नाही. बहुतेक गिळलं तिने.

१ मार्च, रविवार

गिळलं कसलं! आज मावशी, मामा, त्यांची मुलं असे सगळे जेवायला. सगळ्यांच्या देखत ताईने जाहीर केलं — "आमचा घुम्या मोठा साहेब झाला! नवी शाखा त्याच्या हाताखाली!" टाळ्या. मामांनी हात हातात घेऊन दाबला. त्या गलक्यात मी म्हणालो, "ताई, तुला सांगितलं होतं ना, नाही घेतलं मी." तिने हसून माझ्या ताटात आणखी वाढलं.

मला इतका संताप आला! आयुष्यभर माझ्या वतीने बोललीस ते ठीक, उपकारच आहेत. पण मी एकदा, एकदाच स्वतःच्या तोंडाने बोललो, तर तेही पुसून टाकायचं?

तिच्याशी बोलणार नाही.

२ मार्च, सोमवार

सकाळी ती ओट्यावर भाजी चिरत होती. शेजारी गॅसवर दूध वर यायला लागलं. अबोला विसरून मी तिच्या मागून म्हणालो, "ताई, दूध उतू जातंय."

मान वळली नाही.

पुन्हा म्हणालो. दूध उतू गेलं.

१० मार्च, मंगळवार

मालकीणबाईंनी तपासलं. दोन्ही कान. कारखान्याचा आवाज, म्हणाल्या, वर्षानुवर्षं थोडं थोडं करत गेले असतील. ताई म्हणाली, "मला वाटायचं हाच पुटपुटतो."

मशीन मी बसवलं. खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिलो. येताना काय दिसलं हे विचारायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"ताई, मी शाखाप्रमुख होणार नाहीये."

"अरे, मग हे आधी नाही का सांगायचं!"

"सांगितलं होतं. तू भांडी घासत होतीस. मी मागे उभा होतो."

ताई गप्प झाली. ताई! दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, नजर समोरच्या पडद्यावर. मग हळू आवाजात, इतका हळू आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, म्हणाली, "आणखी काय काय सांगितलं होतंस रे?"

पुढच्या गिऱ्हाइकाला वेळ होता. मी तिथेच, तिच्या मागे, स्टूल ओढून बसलो.